आज काही येत नाही

मी दारांना कान बसवते.
शेगडीला शहाणपण, गोळ्यांच्या डबीला घंटा,
गादीखाली एक चपटी पट्टी:
माणूस उठला की तिला हलकं वाटतं
आणि ती चुगली करते.
नगरपालिकेची निळी व्हॅन, मागे ड्रिल, स्क्रूंचे डबे,
फ्रीसलंडच्या सपाट वाऱ्यात घरोघर.

वोपकेकडे तिसऱ्यांदा गेले ती मार्चमध्ये.
बेचाळीस वर्षं त्यानं कालव्यावरचा पूल
उचलला आणि खाली ठेवला.
होडीवाल्यांकडून पैसे घ्यायचा
गळाच्या काठीला लाकडी बूट बांधून.
बूट खाली सोडायचा, नाणं वाजलं की वर ओढायचा.
तो बूट अजून आहे, किल्ल्यांच्या खुंटीवर.
पूल आता आपोआप उघडतो;
दूरच्या शहरात कुणीतरी पडद्यावर बघून बटण दाबतं.
हे वोपकेला सांगून झालंय.
रोज सांगून होतं.

रात्री तीनला तो उठतो.
बार्ज आलंय म्हणतो, भोंगा ऐकला म्हणतो,
पायजम्यावर कोट, आणि थेट पाण्याच्या कडेला.
डिसेंबरात कडेला बर्फ होता.
हिस्के, त्याची मुलगी, एवढं सांगून थांबली
आणि टेबलावरचे पावाचे कण
बोटानं गोळा करत राहिली.

पहिल्यांदा मी दारावर गजर लावला.
चूक माझीच.
भोंगा वाजल्यावर पूलवाला काय करणार?
दुप्पट वेगानं निघाला.

दुसऱ्यांदा हिस्केचा आवाज भरला:
बाबा, रात्र आहे. झोपा.
यंत्राचं काम चोख. वोपकेनं ऐकलं,
"झोप बाळा, आलोच मी," म्हणाला,
आणि लेकीची झोपमोड नको
म्हणून दार हलकेच ओढून घेतलं.

तिसऱ्यांदा मी बॅग उघडलीच नाही.
विचारलं, कुणी सांगितलं तर
तुम्ही पूल खालीच ठेवायचात?
परगावच्या बाईकडे बघावं तसा
तो माझ्याकडे बघत राहिला.
"डुर्क. वरच्या पुलावरचा. दुसरं कोण सांगणार?"

डुर्क शहाऐंशीचा, नाकात ऑक्सिजनची नळी.
हिस्केनं लिहून आणलेला कागद त्यानं
वाचून चष्म्याच्या घराखाली सरकवला.
खाकरला. मग घरच्या बोलीत, फ्रिशियनमध्ये:
वोपके, डुर्क बोलतोय.
माझ्या पुलाखालून आज काही येत नाही.
पड जरा.
मी म्हटलं, आणखी एकदा घेऊ या, श्वास ऐकू येतोय.
नाही म्हणाला.
खरी गोष्ट कुणी दोनदा सांगत नाही.

तेव्हापासूनची नोंद माझ्या फोनवर येते:
दार उघडलं, तीन वाजून सात मिनिटं.
दार मिटलं, तीन वाजून आठ.
मधल्या मिनिटाची नोंद होत नाही.
हिस्केनं एकदा जिन्यावर उभं राहून ऐकलं.
"बरं," तो अंधाराला म्हणाला. "तूही पड."

ऑक्टोबरात डुर्क गेला.
हिस्केचा फोन: आवाज काढायचा का?
मेलेल्या माणसाकडून रोज रात्री
बाबांना फसवून घ्यायचं, हे...
वाक्य तिनं पुरं केलं नाही.
मी म्हटलं, बॅटरी मेमध्ये बदलायची आहे, तेव्हा बघू.
उत्तर नसलं की मी बॅटरीचं बोलते.

मे. भर दुपार. बॅटरी घातली,
आणि चाचणी म्हणून दार उघडलं.
माझ्या पुलाखालून आज काही येत नाही.
खिडकीबाहेर, पूल उघडायची वाट बघत,
ओळीनं उभी पांढरी शिडं.
वोपकेनं बोटानं मोजली. एक, दोन, तीन.
दाराकडे पाहिलं. पुन्हा शिडांकडे.
मग माझ्या कानाशी वाकून,
दाराला ऐकू जाणार नाही अशा बेतानं म्हणाला,
"डुर्क हल्ली विसरतो.
तुम्ही त्याला काही बोलू नका."